चोंढ्यात हळवं भात लावून फसलो. सगळीकडे चालेल असं एकच वाण का काढत नाहीत?

चोंढेकर
नमस्कार मंडळी. पेण तालुक्यात आमची दीडेक एकर भातशेती आहे, त्यातले बारा गुंठे खाली ओहोळाला लागून, चोंढ्यात, म्हणजे पाणी साचून राहतं अशा सखल जमिनीत. मी नोकरीला पुण्यात, सुट्टीला जाऊन शेती करतो, म्हणजे खरं सांगायचं तर आई आणि मजूर करतात, मी पैसे देतो आणि फोटो काढतो. गेल्या वर्षी हौसेने वरपासून खालपर्यंत एकच हळवं वाण लावलं, ११५ दिवसांचं, म्हटलं लवकर कापून मोकळे होऊ. सप्टेंबर संपता संपता मस्त पिवळं झालं आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस धरला. वरचं कसंबसं कापलं पण चोंढ्यातलं सगळं आडवं, पाण्यात. चौथ्या दिवशी जाऊन एक लोंबी उचलली तर दाण्यांना हिरवे कोंब!! त्या एका लोंबीवर मी २३ मोजले, पुढे मोजायची इच्छाच झाली नाही.

शेजारच्या काकूंचं गावठी गरवं (उशिरा येणारं) भात मात्र तेव्हा पोटरीत होतं, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या आतच, ढिम्म उभं. दिवाळी झाल्यावर आरामात कापलं त्यांनी. बरं दोघांनी दाढ (रोपांसाठीची पेरणी) एकाच आठवड्यात टाकलेली. आई म्हणते काकूंचं भात पंधरा दिवस पुढेमागे पेरलं तरी येतं त्याच्याच वेळेला. हे कसं काय? आणि दुसरं म्हणजे इतके शास्त्रज्ञ आहेत तर पाऊस, खार, दुष्काळ सगळ्याला पुरून उरेल असं एक वाण काढून विषय संपवत का नाहीत?

खाचरवाले काका
बाळा, राग मानू नकोस पण चूक वाणाची नाही. माळाला, वरकसाला हळवं, कारण तिथे पाऊस गेला की आठ दिवसात जमीन भेगाळते. मधल्या खाचरात निमगरवं, म्हणजे मधल्या मुदतीचं. चोंढ्यात गरवं, तिथे पाणी हटत नाही म्हणून भात पण उशिरा येणारंच पाहिजे. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईला पण हे ठाऊक आहे. चोंढ्यात हळवं म्हणजे पावसाळ्यात पापड वाळत घातल्यासारखं. आईला विचारलं होतंस का लावायच्या आधी?

चोंढेकर
नाही काका 🙏 आई बोलली होती, मीच "जुनं ते सोड" म्हणालो.

दुधाळदाणा
काकांनी सांगितलं ते बरोबरच आहे, मी फक्त आतली भानगड सांगते (भात पैदास हाच माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे जरा लांबेल, चहा घेऊन बसा).

काकूंचं भात दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. पावसाळ्यातली बरीच जुनी गरवी वाणं अशी आहेत, दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की मगच पोटरीत येतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरा नाहीतर तिसऱ्या, निसवायची, म्हणजे लोंबी बाहेर पडायची वेळ जवळपास तीच. पाऊस उशिरा आला, लावणी लांबली, तरी भात आपलं पाऊस ओसरल्यावरच पिकणार. शेकडो वर्षं जे चुकीच्या वेळी पिकलं ते कुजलं आणि जे राहिलं त्याचंच बी पुढे गेलं, असा हा निवडीचा प्रकार.

मग १९६६ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून आयआर ८ आलं. तैवानचं बुटकं डी-जिओ-वू-जेन आणि इंडोनेशियाचं उंच पेटा यांचा संकर. बुटकं असल्यामुळे खत घातलं तरी लोळायचं नाही, आणि दुसरी मोठी गोष्ट म्हणजे ते रात्र मोजत नव्हतं, आपले ठरावीक दिवस झाले की तयार. म्हणून ते जिथे पाणी असेल तिथे, कुठल्याही हंगामात चाललं, आपल्याकडचं उन्हाळी भात वाढलं तेही अशाच वाणांवर. पण त्याचा अर्थ असा की कधी पिकायचं ते आता भात ठरवत नाही, तुम्ही पेरायची तारीख धरून ठरवता. तुम्ही चोंढ्यासाठी चुकीची तारीख ठरवलीत, एवढंच.

कोंबांचं वेगळं. काही वाणांचा दाणा पिकल्यावर दोनतीन आठवडे झोपलेला असतो, ओला झाला तरी उगवत नाही. ज्यांच्यात ही झोप कमी ते लोंबीवरच उगवतात. पैदास करणारे ही झोप मुद्दाम ठेवायला बघतात, पण जास्त ठेवली की उन्हाळीसाठी तेच बी लगेच पेरायचं तर उगवत नाही आणि मग शेतकरी म्हणतो बियाणं खराब दिलंत.

आता "सगळ्याला चालणारं एक". ओडिशात एफआर १३ए नावाचं जुनं भात आहे, पूर्ण बुडून दोन आठवडे राहिलं तरी पाणी ओसरल्यावर परत फुटतं. साधं भात बुडलं की घाबरून पानं वर काढायच्या नादात साठवलेली साखर उडवून टाकतं आणि पाणी उतरेपर्यंत थकून मरतं. हे मात्र वाढणंच थांबवतं, दम धरून बसतं. यामागचं सब१ए हे जनुक २००६ मध्ये हाती लागलं, आणि आंध्रातल्या मारुतेरूच्या संशोधन केंद्रातल्या स्वर्णा या वाणामध्ये ते पुन्हा पुन्हा संकर करून घातलं. स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं, बाकी भात स्वर्णाचंच.

पण बंगाल-आसामच्या खोल पाण्यात महिनोन्महिने पाणी उतरतच नाही, तिथे दम धरून बसलात तर मेलात, तिथलं भात बरोबर उलटं करतं, पाण्याबरोबर भराभर उंच होतं. म्हणजे पाणी तेच, पण एका ठिकाणी "थांब" हे उत्तर आणि दुसरीकडे "पळ". ही दोन्ही एका रोपात कशी बसवणार? आणि तुमच्या चोंढ्यात सब१ पण कामाचं नव्हतं हं, ते रोप बुडण्यासाठी आहे, पिकलेली लोंबी आडवी झाली तर नाही.

खाजनकार
खाऱ्या पाण्याचं मी सांगतो, गोव्यातून. आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, कोरगुट नावाचं भात. बांध फुटला किंवा मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत आलं तरी तग धरतं, पण उंच, दाण्याला कूस (टोकाला लांब केस) आणि उत्पन्न बेताचं, म्हणून लोक सोडत चालले होते. जुन्या गोव्याजवळ एळाच्या संशोधन केंद्राने कोरगुटातूनच चांगली झाडं निवडून गोवा धन १ आणि २ काढली. संकर वगैरे नाही, नुसती निवड. तुमच्या रायगडात पण पनवेलला खारजमिनीचं केंद्र आहे ना, पनवेल १, २, ३ तिथलीच. एक मात्र सांगतो, आमच्या आजीला खाजनाबाहेरच्या शेतात कोरगुट लाव म्हटलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं.

सापोरोहून
मी जपानात होक्काइदोला असतो, इथे प्रॉब्लेम उलटा आहे म्हणून लिहितोय. उन्हाळ्यात दिवस खूप मोठा आणि हंगाम एवढासा, रात्र मोजणारं भात लावलं तर ते निसवेपर्यंत थंडी येईल. म्हणून इथल्या वाणांनी रात्र मोजणं सोडलंय. आणि पोटरीत असताना चारपाच दिवस गारठा पडला की पराग तयारच होत नाही, लोंबी दिसायला ताठ पण दाबून बघितली तर सगळे दाणे पोचट. शेतकरी त्या दिवसांत खाचरात पाणी वीसेक सेंटीमीटर चढवतात, पोटरी पाण्यात ऊबेला राहते. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात जपानला तांदूळ आयात करायची वेळ आली होती. पूर्वी इथल्या तांदळाला "पक्षी पण ओलांडून जातात" म्हणून हसायचे, आता इथलंच यूमेपिरिका हे वाण दुकानात भाव खाऊन जातो. (वरणभाताला मात्र फारच चिकट आहे, कुकरला एक शिट्टी कमी करा.)

चोंढेकर
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. दुधाळदाणा ताई, मे २०२५ मध्ये जनुक संपादन केलेल्या दोन भातांची बातमी आली होती ना, त्यातलं काही?

दुधाळदाणा
डीआरआर धान १००, म्हणजे कमला, आणि पुसा डीएसटी राइस १. पहिलं सांबा महसुरी या वाणावर केलंय आणि लवकर येतं, दुसरं एमटीयू १०१० या वाणावर, खार आणि चोपण (अल्कधर्मी) जमिनीसाठी. बघा, ती पण दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी. आणि तुम्हाला चोंढ्यात अजून लवकर येणारं काय करायचंय?? 😄

खाचरवाले काका
आधी काकूंकडून बी माग. पायलीभर घेतलंस तर सुगीला दीड पायली परत करायची, रीत आहे. आणि पाखडून, उन्हात वाळवून दे, कोंब आलेलं देऊ नकोस.

चोंढेकर
काकूंना फोन केला. म्हणाल्या बी देते, पण लावणीला स्वतः वाकायचं, फोटो काढायचे नाहीत.