गोल्डफ्रॅपचा 'सेव्हन्थ ट्री' ऐकला आणि आमच्या जोडीत वाद सुरू झाला, काय करावं?

ऑक्टापॅड_चाळीसगाव

राम राम मंडळी. आम्ही दोघं मित्र अहिराणी गाणी करतो, तो गातो आणि मी कीबोर्ड आणि ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) सांभाळतो, हळदी, वाढदिवस, गणपती, जे मिळेल ते. सात वर्षं झाली. आता विषय असा की लंडनची गोल्डफ्रॅप म्हणून जोडी आहे, अ‍ॅलिसन गोल्डफ्रॅप गाते आणि विल ग्रेगरी तिच्यासोबत सिंथ (सिंथेसायझर, आवाज बनवणारा कीबोर्ड) वगैरे, गाणी दोघं मिळून बनवतात. त्यांचा २००५ चा अल्बम 'सुपरनेचर' म्हणजे माझा जीव की प्राण. त्यातला सिंथचा बेस असा गुरगुरत येतो ना, त्यावरून मी माझ्या कीबोर्डवर दोन टोन बनवलेत, हळदीत ते वाजले की पोरं मांडवात थांबत नाहीत.

मागच्या आठवड्यात मित्राने त्यांचाच २००८ चा 'सेव्हन्थ ट्री' लावला. पहिलंच गाणं, साधी गिटार एकेक तार छेडत चाललीय, मागे व्हायोलिनं, आणि बाई काय म्हणून राह्यली एक शब्द कळत नाही. मी ठेक्याची वाट बघत बसलो, आता येईल मग येईल, आलाच नाही! मित्र म्हणतो आपणही असंच करायचं, गिटारवाला घ्यायचा आणि ऑक्टापॅड घरी ठेवायचा. मला त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगतो. एवढं जमलेलं असताना कुणी असं का करतं? ते लोक थकले होते का? आणि आम्ही करावं का?

भुसावळ_रेल्वेकॉलनी

थकले नव्हते भो. मी यांना बऱ्याच वर्षांपासून ऐकतोय म्हणून सांगतो, ते मऊ पहिल्यांदा नाही झाले, ते मऊच होते. पहिला अल्बम 'फेल्ट माउंटन', २००० चा, विल्टशायरमध्ये गावाबाहेर एक बंगला भाड्याने घेऊन सहा महिने बसून केलेला, तो ऐक, सगळा संथ आणि थंडगार. मग २००३ ला 'ब्लॅक चेरी'त नाचाचा ठेका आला, 'सुपरनेचर'मध्ये तो अजून वाढला, आणि तू नेमका तिथून आत शिरलास म्हणून तुला वाटतं की हेच त्यांचं घर.

गिटार कुठून आली तर त्यांनी एका रेडिओसाठी आपलीच गाणी अकूस्टिक वाजवली होती, यंत्रं बाजूला ठेवून, आणि तो आवाज दोघांना इतका आवडला की पुढचा अल्बम त्यातूनच उभा राहिला. म्हणजे वैतागून नाही सोडलं काही, आपल्याच गाण्याला दुसऱ्या कपड्यात बघितलं आणि जीव जडला. आणि लोक पळाले म्हणशील तर तसंही नाही, 'सुपरनेचर' ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या नंबरला गेला होता आणि 'सेव्हन्थ ट्री' पण दुसऱ्याच नंबरला गेला. पुढे २०१० ला 'हेड फर्स्ट'मध्ये परत चकचकीत सिंथ, २०१३ ला 'टेल्स ऑफ अस'मध्ये परत शांत, दहा गाणी आणि त्यातल्या नऊ गाण्यांना माणसांची नावं. जाऊन येऊन असतात ते. तुम्हीपण एकदा केलं म्हणजे जन्माचं केलं असं थोडीच आहे.

एक कर, रात्री अकरानंतर हेडफोन लावून परत ऐक. मोबाइलच्या स्पीकरवर तो अल्बम मरतो.

साउंडवाला_जळगाव

वरच्या भाऊंनी हेडफोनचं बोलले ते एकदम बरोबर. मी १४ वर्षं साउंड लावतोय. तू म्हणतो सिंथ गेला, सिंथ गेलाच नाहीये रे, खाली बसलाय. नीट ऐक, गिटारच्या मागे एक ऊबदार थर हळू चढतो आणि हळू उतरतो, आणि काही गाण्यांत तर चांगला ड्रम पण आहे. आधी सिंथ दारात उभा होता, आता ओसरीवर बसलाय एवढाच फरक. तेव्हा ऑक्टापॅड घरी ठेवायचा विचार डोक्यातून काढ. कीबोर्डच्या पॅड टोनचा (लांब, पसरट आवाजाचा) अटॅक वाढव म्हणजे आवाज हळू उगवेल, कटऑफ खाली घे म्हणजे धार कमी होईल, आणि गायकाचा आवाज जिथे आहे ती जागा मोकळी सोड.

आता धंद्याचं ऐका. मांडवात अकूस्टिक गिटार म्हणजे डोकेदुखी, कारण बेसचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, ते पोट घुमतं, तोच आवाज पिकअपमधून (गिटारचा आवाज पकडणारा तुकडा) परत स्पीकरला जातो आणि मग जे हूऽऽऽ सुरू होतं ते लोक कानावर हात ठेवतात. म्हणून गिटारवाला स्पीकरच्या पुढे नाही, मागे बसवायचा, गिटारच्या भोकाला रबरी झाकण लावायचं, ते मिळतं बाजारात, आणि मिक्सरवर त्या चॅनलचा लो कट (खालचे घुमणारे आवाज कापणारं बटण) दाबायचा. गिटार डायरेक्ट मिक्सरला नका देऊ, मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) टाका. एवढं केलं तर हजार माणसांतही ती तार ऐकू येते.

वडजाई_रोड_धुळे

गिटार शिकवतो म्हणून दोन शब्द. 'सेव्हन्थ ट्री'ची सुरुवात ऐकून पोरं म्हणतात सर हे सोपं आहे, तीन कॉर्ड तर आहेत. मग वाजवायला बसतात आणि दुसऱ्या मिनिटाला अंगठा घाई करतो. अंगठा खालच्या सुराची जाड तार धरून चालतो आणि बाकी बोटं पातळ तारांवर फिरतात, त्यात अंगठा हाच तुमचा ठेका. ऑक्टापॅड वाजवणाऱ्याला हे लवकर जमेल बरं का, त्याच्या हातात लय आधीच आहे, म्हणून बाहेरचा गिटारवाला शोधण्याआधी स्वतः सहा महिने घासून बघा.

आणि आपल्याकडच्या उन्हाची काळजी घ्या, हे पुस्तकात कुणी सांगत नाही. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे, हवा कोरडीठाक, लाकूड आकसतं. मागच्या उन्हाळ्यात एका पोराची गिटार माझ्याकडे आली, तारा भणभणत होत्या आणि फ्रेटची (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन त्याचा तळहात खरवडला होता. खोक्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज ठेवा, तिसऱ्या दिवशी परत ओला करा. कूलरच्या समोर तर अजिबात ठेवू नका.

अमळनेरची_लेक

मी जरा वेगळं बोलते, रागावू नका दादा. मला तो अल्बम आवडतो, पण त्यातली एक गोष्ट तुम्ही घेऊ नका. पहिल्या गाण्यात ती शब्द विरघळवून टाकते, तिला तसंच हवंय, तिचा गळा हेच तिथे वाद्य आहे. आपल्या अहिराणीत तसं चालणार नाही, आपल्याकडे गाणं म्हणजे शब्द.

कानबाईच्या रोटांचं, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाचं, बघा ना. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर बाया गाणी म्हणतात, माझी आजी म्हणायची तेव्हा एक टाळ्यांचा ठेका आणि बाकी नुसता गळा, खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या पोरीलाही सासरमाहेरचं सगळं कळायचं. आता सोमवारी विसर्जनाला डीजे असतो, तीच गाणी असतात, नाच छान होतो, मीपण नाचते, पण बायांचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द ऐकूच येत नाहीत. बहिणाबाई चौधरी आपल्या आसोद्याच्या, त्यांना लिहिता येत नव्हतं, जात्यावर बसून म्हणायच्या आणि मुलाने ते उतरवून घेतलं म्हणून आज आपल्याकडे आहे. जात्याची घरघर खालच्या सुरात एकसारखी आणि तिच्यावर एक आवाज. साउंडवाले दादा जो खाली बसलेला सिंथ म्हणतात ना तो मला अगदी तसाच वाटतो. तुमच्या कीबोर्डकडून ती घरघर मागा, आणि शब्द स्वच्छ ठेवा.

रावेर_केळीबाग

हळदीत नका करू एवढंच. हळदीत लोक नाचायलाच आलेले असतात, त्यांचा हिरमोड होईल. बारसं, साखरपुडा, तिथे करा.

ऑक्टापॅड_चाळीसगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. ताईंचं वाचून काल रात्री मित्राला बोलावलं, लाइट गेलेली होती म्हणून बॅटरीवरचा छोटा कीबोर्ड घेऊन ओट्यावर बसलो. पॅड टोन एकदम खाली, अटॅक लांब, डाव्या हाताने एकच सूर धरून ठेवला आणि त्याला म्हटलं तू म्हण. आमचंच गाणं, तीन वर्षं वाजवतोय, त्यातलं दुसरं कडवं मीच पहिल्यांदा नीट ऐकलं, त्यात आई पोरीच्या पदरात शेंगा बांधून देते हे मला माहीतच नव्हतं, मी तिथे नेहमी रोल मारत असतो. समोरच्या आजी खाटेवरून म्हणाल्या, आज गानं समजनं भाऊ.

ठरलंय असं की हळदीत जुनंच, आणि पुढच्या महिन्यात शिरपूरला एक बारसं आहे तिथे दोन गाणी अशी म्हणायची. ऑक्टापॅड सोबत राहील, काठ्या नाही, हाताने वाजवणार. साउंडवाले भाऊ, गिटार यायला वेळ आहे पण ओट्यावर कीबोर्डची हलकी सूंऽऽ येत होती, ती केबलची असेल का अडॅप्टर नसतानाही? जमलं तर सांगा.

साउंडवाला_जळगाव

बॅटरीवर असताना येतेय म्हणजे अडॅप्टरचा दोष नाही. आवाज कीबोर्डच्याच स्पीकरमधून येत असेल तर केबलचाही दोष नाही, मग तो टोनच तसा आहे, टोन बदलून बघ. बाहेरचा स्पीकर जोडला असेल तर केबल बदलून बघ आणि मोबाइल कीबोर्डवर ठेवू नको. शिरपूरला कधी आहे ते कळव, मी त्या बाजूला असलो तर मिक्सर घेऊन येतो.