मदत हवी आहे: ऑपेराची गोडी लागलीय, पुढे काय पाहू?

दोनेक महिन्यांपूर्वी सहज म्हणून व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' (१८५३) सबटायटल्स लावून पाहिला आणि अडकलोच. शेवटच्या अंकात क्षयाने खंगलेली नायिका व्हिओलेता पत्र वाचते, तेही गाऊन नव्हे, नुसतं बोलून. अंगावर काटा आला.

मग उत्साहाच्या भरात थेट वाग्नरच्या 'रिंग'ला हात घातला. चार ऑपेरा, मिळून साधारण १५ तास! पहिलाच अडीच तासांचा, मध्यंतराशिवाय. तासाभरात झोप लागली. (दोष माझाच, वाग्नरचा नाही.)

आता पुच्चिनीचा 'ला बोहेम' घ्यावा की मोत्सार्टचा 'फिगारो'? तुम्ही कथासार आधी वाचता का? नुसतं ऐकताना लिब्रेटो (ऑपेराची छापील संहिता) समोर ठेवणं मला काही जमत नाही, ओळ सापडेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा २००६ पासून प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवतं. कुणी पाहिलेत का? कॅमेरा सारखा चेहऱ्यांवर असला की रंगमंचाची भव्यता हरवत असेल ना? आणि कधी प्रत्यक्ष प्रयोगाला गेलोच, तर सगळ्यात वरच्या गॅलरीतलं स्वस्त तिकीट चालेल का? गायक माइक वापरत नाहीत, म्हणून विचारतोय.