माथानी साल्ढाणा: आमदार म्हणून त्यांचं काम मुलांना काय सांगू?

फोंड्याची शिक्षिका:
नमस्कार. नववीच्या वर्गाला ‘आमदार काय करतो’ हे शिकवायचं आहे आणि उदाहरण गोव्यातलंच, पर्यावरणासाठी झटलेल्या माणसाचं हवं आहे. सगळे माथानी साल्ढाणांचं नाव सुचवतात. पण टिपण काढायला बसले तर आंदोलनंच जास्त, आमदारकी थोडी. 2002 मध्ये कुठ्ठाळी मतदारसंघातून यूजीडीपी (युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षातर्फे निवडून आले, पर्यटनमंत्री झाले. 2012 मध्ये भाजपतर्फे पुन्हा निवडून आले, 9 मार्चला मंत्रिपदाची शपथ घेतली आणि 21 मार्चला वारलेच. मग वर्गात सांगू काय?

मोरजीकर:
बाई, निवडणुकीपासून नका, रापणीपासून सुरू करा. माझे वडील रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने, रापणीने, मासे धरणारे. होडी अर्धगोल फिरत जाळं सोडून यायची आणि दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगा ओढायच्या. दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की शाळेतला पोर. सत्तरच्या दशकात ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, अगदी किनाऱ्यालगत येऊन समुद्राचा तळ खरवडू लागले. मासळीची पिल्लंच जाळ्यात गेल्यावर रापणीत बांगडे, तारले येणार कुठून?

माथानीबाब तेव्हा ना आमदार, ना मंत्री. रापणकारांना एकत्र करून त्यांनी रस्त्यावर आणलं. 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा त्या रेट्यातून आला. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखायचा, ही मागणी त्याच लढ्यातली. कायदा सभागृहात होतो, पण तो करायला भाग पाडणारे बाहेर असतात, हे मुलांना आधी कळू दे. पुढे सांकवाळच्या मेटास्ट्रिप्स या धातूच्या कारखान्याविरुद्ध लोक उठले तेव्हाही पुढे हेच होते, आणि 2002 ला त्याच भागाने त्यांना विधानसभेत पाठवलं. तुम्ही म्हणता आमदारकी थोडी. मी म्हणतो, आमदारकी त्या कामाचंच फळ.

पट्टा आजही पाळला जात नाही. रात्री ट्रॉलरचे दिवे इथून स्पष्ट दिसतात आणि मस्तकात तिडीक जाते. हेही सांगा.

सत्तरीचा बागायतदार:
मोरजीकरांचं पटतं, पण तेवढ्यावर थांबलात तर मुलांना वाटेल आंदोलन केलं की झालं. सभागृहातलं एक मत काय करू शकतं ते माडावरून दाखवा. 2016 मध्ये वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘झाड’ या व्याख्येतून माड बाहेर गेला. म्हणजे माड तोडायला त्या कायद्याखालची परवानगी लागेना. आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, माड आणि पोफळी एकमेकांच्या आधाराने उभ्या आहेत, त्यातला एक कागदावर झाडच उरला नाही! गोवाभर ओरड झाली, पुढे माडाला संरक्षण परत मिळालं आणि तो राज्यवृक्षही ठरला. दोन्ही वेळा निर्णय सरकारात आणि सभागृहात बसलेल्यांनीच घेतला. आमदार कसा निवडावा हे यातून जितकं कळतं तितकं भाषणातून कळणार नाही.

वास्कोवाली:
माथानींनंतर पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी एलिना बिनविरोध निवडून आल्या आणि पर्यावरण व वनमंत्री झाल्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी भाजप सोडला. आमच्याकडे बंदरावरच्या कोळशाची काळी धूळ खिडकीच्या गजांवर बसते, म्हणून आमदार या विषयावर तोंड उघडतो की नाही हे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. बाई, मुलांना आपापल्या आमदाराने विधानसभेत विचारलेले तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं ते, शोधायला लावा. झाडं, नदी, डोंगरकापणी यांवर किती आहेत ते त्यांनाच मोजू दे.

फोंड्याची शिक्षिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. रापणीपासूनच सुरू करते, माड दुसऱ्या तासाला. तारांकित प्रश्नांचं काम दिवाळीच्या सुट्टीत देते. मोरजीकर, एखाद्या शनिवारी वर्गावर याल का? आमची बहुतेक मुलं डोंगरपट्टीतली, रापण त्यांनी पाहिलेली नाही.