मदत हवी आहे: मिंट टाकताना मोकळी जागा 'अनयूजेबल' दिसते

अर्धाकप
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकतोय. सी ड्राइव्ह श्रिंक करून ६० जीबी मोकळे केले. तरी इन्स्टॉलर 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय देतच नाही. 'समथिंग एल्स'मध्ये (जागा स्वतः निवडायचा पर्याय) ती जागा 'अनयूजेबल' दिसते, अधिकचं बटण दाबलंच जात नाही. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह दोनदा नव्याने बनवून झाला. डेटा उडता कामा नये. आज रात्रीच संपवायचंय, नेमकं सांगा.

शून्यएक
डिस्क एमबीआर की जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी की नवी पद्धत)? पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, किती आणि कोणत्या क्रमाने? डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डिस्क ०'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे 'पार्टिशन स्टाइल' वाचा.

काळीखिडकी
एवढा खटाटोप कशाला? व्हर्च्युअलबॉक्स टाका, ४ जीबी रॅम द्या, झालं काम.

अर्धाकप
सपोर्ट संपलेल्या विंडोजच्या पोटात लिनक्स ठेवून मिळवलं काय? व्हर्च्युअल नको.
एमबीआर आहे. क्रम: सिस्टम रिझर्व्हड ५७९ एमबी, सी १७६ जीबी, मोकळी ६०, रिकव्हरी ५०९ एमबी, शेवटी डी २२८ जीबी. हे सांगायला हवं होतं का?

शून्यएक
तेच तर सांगायला हवं होतं! एमबीआरच्या तक्त्यात चारच नोंदी मावतात. तुमची चारही पार्टिशन प्रायमरी, म्हणजे प्रत्येकी एक नोंद खाणारी आहेत. जागा ६० असो की ६००, पाचव्याला नोंदच नाही. पेनड्राइव्ह बिचारा निर्दोष आहे.

तिरपीरेघ
विंडोजमधूनच त्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करा. काहीतरी विचारेल, यस म्हणा.

शून्यएक
अजिबात नको! ते 'काहीतरी' म्हणजे डिस्क डायनॅमिक (विंडोजची वेगळी मांडणी) करू का, हा प्रश्न. यस म्हटलंत की मिंटचा इन्स्टॉलर आणखी अडेल, आणि विंडोजच्या साधनांनी साध्या 'बेसिक' मांडणीवर परतायचं तर सगळे व्हॉल्यूम उडवावे लागतात.

नांगरफाळ
डीचा बॅकअप घ्या, डी उडवा, एक्स्टेंडेड (एकाच नोंदीत अनेक भाग मावणारं पार्टिशन) करा, आत डी आणि मिंट दोन्ही लॉजिकल (त्यातले भाग). सोपं आहे.

शून्यएक
एक्स्टेंडेड सलग जागेतच होतं. मोकळी ६० आणि डी यांच्यामध्ये रिकव्हरी बसलीय, म्हणजे ती ६० जीबी तशीच अडकून पडेल. शिवाय २२८ जीबी हलवायचे कशाला? ५०९ एमबीवाल्या रिकव्हरीला उठवा. डीला हात लागणार नाही, पण बॅकअप तरीही घ्या.

१. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद. ही पायरी गाळू नका.
२. 'रीएजंटसी /डिसेबल'. याने रिकव्हरीची फाइल सीवर परत येते.
३. 'डिस्कपार्ट', 'सिलेक्ट डिस्क ०', 'लिस्ट पार्टिशन'. ५०९ एमबी कोणत्या क्रमांकाला आहे ते डोळ्यांनी पाहा, मग 'सिलेक्ट पार्टिशन' आणि तो क्रमांक, 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'.
४. 'रीएजंटसी /इनेबल'. रिकव्हरी आता सीवरूनच चालेल.
५. इन्स्टॉलरमध्ये मोकळ्या जागेवर प्रकार लॉजिकल, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम), माउंट पॉइंट नुसती तिरपी रेघ (/). प्रायमरी निवडलंत तर पुन्हा चार भरतील.
६. बूटलोडर (सुरू होताना सिस्टम निवडू देणारा प्रोग्रॅम) 'एसडीए'वर, म्हणजे अख्ख्या डिस्कवर. 'एसडीए५'वर, म्हणजे मिंटच्या पार्टिशनवर टाकलात तर मशीन थेट विंडोजमध्येच जाईल.

स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) नको, मिंट स्वॅप फाइल स्वतः बनवतं.

नांगरफाळ
रिकव्हरी काढायचीच तर 'एमबीआर२जीपीटी' चालवून एकदाची जीपीटी करा. एमबीआर किती दिवस कवटाळणार?

शून्यएक
करता येईल. त्या साधनाला तीनच प्रायमरी चालतात, म्हणजे पायरी ३ नंतरच. पण मशीनमध्ये यूईएफआय (बायोसची नवी पिढी) हवं आणि रूपांतर होताच बूट मोड त्यावर बदलायला हवा, नाहीतर विंडोज उठणारच नाही. आज रात्रीचं काम नव्हे.

नांगरफाळ
मोड बदलायला दोन मिनिटं लागतात. भीती घालू नका.

काळीखिडकी
दोन्ही सिस्टम टाकल्यावर घड्याळ चुकतं बरं का. लिनक्स हार्डवेअर घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानतं, विंडोज स्थानिक वेळ. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या.

अर्धाकप
घड्याळाचं कोणी विचारलं?
असो, झालं! मोकळी जागा लगेच 'फ्री स्पेस' झाली, एसडीए५ वर मिंट बसलं, ग्रबमध्ये (मिंटच्या बूटलोडरमध्ये) विंडोजही दिसतंय. पण मिंटमधून डी उघडतो, त्यावर काही लिहिता येत नाही. 'रीड-ओन्ली' म्हणतो. आता काय?

शून्यएक
पायरी १ केली होती का?

अर्धाकप
ती ऐच्छिक वाटली.

शून्यएक
फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' म्हणजे अर्धी झोप. विंडोज डीची माहिती स्वतःकडे धरून ठेवतं आणि मिंट शहाणपणाने लिहायला नकार देतं. जबरदस्तीने माउंट करू नका. विंडोजमध्ये जा, पायरी १ करा, मग पूर्ण शट डाउन.

अर्धाकप
लिहिता येतंय. घड्याळही चुकलंय. काळीखिडकी, ती घड्याळाची कमांड सुडो (ॲडमिन अधिकार) लावून द्यायची का?