मदत हवी आहे : आईच मुलाला आजारी पाडत असेल तर?

नमस्कार. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम गाळले आहेत.

एक मूल आमच्याकडे सारखं अ‍ॅडमिट होतंय. झटके येतात असं आई सांगते, पण झटका आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी), एमआरआय नॉर्मल. साखर मात्र एकदम खाली जाते, तीही आई सोबत असतानाच. आजी सोबतीला राहिली की तेच मूल वॉर्डभर हुंदडतं. मागच्या खेपेला साखर उतरलेली असतानाच रक्त घेतलं, त्यात इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड अगदी कमी निघालं. शरीराने स्वतः इन्सुलिन बनवलं तर दोन्ही सोबतच वाढतात. म्हणजे हे बाहेरून टोचलेलं असावं. घरात आजोबा इन्सुलिन घेतात.

आई अतिशय प्रेमळ, सगळ्या स्टाफची लाडकी. म्हणून कुणी बोलायला धजत नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉय मेडो यांनी १९७७ साली असेच रुग्ण मांडले होते, तेव्हाही आया अशाच काळजीवाहू दिसत होत्या. आमचे डॉक्टर म्हणतात, ‘अजून थोडं बघू.’ मला पुढच्या इंजेक्शनची धास्ती वाटते.

बालकल्याण समितीला लेखी कळवायचं, की आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा? सुगावा लागला तर ती डिस्चार्ज घेऊन दुसऱ्या गावी जाईल, तर तिला न कळता नोंदी कशा ठेवायच्या? असं प्रकरण हाताळलेलं कुणी असेल तर कृपया लवकर सांगा.