मदत हवी आहे: ६०० मिमी टेलिफोटो लेन्स हातात स्थिर कशी धरावी?

नमस्कार. पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी मी १५०-६०० मिमीची झूम लेन्स क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर वापरतो. पक्षी कुठून येईल याचा नेम नसल्यामुळे ट्रायपॉड मांडून बसणे जमत नाही आणि सगळे काम हातात धरूनच करावे लागते. शटर स्पीडचा जुना नियम (एक भागिले लेन्सची मिमी, इतक्या सेकंदांपेक्षा जास्त वेळ शटर उघडे नको) १.५ च्या क्रॉप फॅक्टरसह, म्हणजे लहान सेन्सरमुळे मिमीला १.५ ने गुणून लावला, तर ६०० मिमीला साधारण १/९०० सेकंद लागतो. भरपूर उजेड असेपर्यंत तेवढा सहज मिळतो. अडचण येते ती दाट सावलीत. तिथे १/१००० ठेवल्यास आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० च्या वर जातो आणि पिसांचा तपशील नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणात, हरवतो, म्हणून स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी तरी १/२५० पर्यंत खाली यावे असे मला वाटते.

लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) चालूच असते. त्याचा चार स्टॉपचा फायदा (प्रत्येक स्टॉपला शटरचा वेळ दुप्पट) धरला तर हिशेबाने १/६० लाही चित्र स्थिर यायला हवे, पण प्रत्यक्षात १/२५० लाच बरीच चित्रे हलतात. चित्र १०० टक्क्यांवर पाहिले की पक्ष्याच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका गोल न राहता उभा ताणलेला दिसतो, आणि शेजारच्या फांदीच्या सालीवरही त्याच दिशेचा ताण असतो. पक्षी हलला असता तर फांदी स्पष्ट आली असती, आणि फोकस चुकला असता तर पुढचे-मागचे एखादे पान तरी धारदार आले असते. त्यामुळे दोष कॅमेरा हलण्याचाच आहे, याबद्दल मला शंका नाही. बर्स्टमधले (सलग वेगाने काढलेल्या चित्रांमधले) पहिले चित्र बहुधा सर्वांत जास्त हललेले असते, त्यावरून बटण दाबतानाच कॅमेरा खाली झुकत असावा असे वाटते.

कोपरे छातीला टेकवणे, व्ह्यूफाइंडर भुवईला घट्ट लावणे आणि श्वास सोडून झाल्यावर बटण दाबणे, हे मी कटाक्षाने पाळतो. माझा खरा प्रश्न डाव्या हाताचा आहे. तो हूडजवळ (लेन्सच्या टोकावरच्या झडपेजवळ) पुढे धरला तर लेन्सचे टोक कमी डोलते, पण दंड लवकर भरून येतो. ट्रायपॉड कॉलरच्या (लेन्स ट्रायपॉडला जोडण्याच्या कड्याच्या) पायाखाली धरला तर वजन पेलते, पण टोक डोलू लागते. अशा जड लेन्सचा दीर्घ अनुभव असलेल्यांनी हात नेमका कुठे ठेवावा हे कृपया सांगावे. तसेच बटण अर्धे दाबल्यावर स्टॅबिलायझेशन स्थिरावण्यासाठी आपण किती वेळ थांबता, आणि मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) वापरल्याने हा उभा झोका खरोखर कमी होतो का?