मदत हवी आहे: 'द आय ऑफ द वर्ल्ड' संपली, पुढचे भाग वाचावेत का?

मंडळी, रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' मालिकेतली पहिली कादंबरी, 'द आय ऑफ द वर्ल्ड', नुकतीच वाचून झाली. अजून १३ भाग बाकी आहेत आणि सगळेच जाडजूड. ज्यांनी मालिका पूर्ण किंवा बरीचशी वाचली आहे त्यांचा सल्ला हवाय. खाली पहिल्या भागातलं बरंच काही उघड केलंय, तेव्हा न वाचलेल्यांनी जपून. दुसऱ्या भागापासूनचं मात्र प्रतिसादांत काही फोडू नका, ही विनंती.

आधी काय भावलं ते सांगते. पहिल्याच प्रकरणाआधी एक वेडा झालेला माणूस उद्ध्वस्त महालात बायकोला हाका मारत फिरतो. ती तिथेच मरून पडलेली असते, त्याच्याच हातून. पुरुषांच्या वाट्याची जादू विटाळलेली आहे, ती वापरणारा कधी ना कधी वेडा होणार, हा नियम कुणी समजावून सांगण्याआधी आपण तो डोळ्यांनी बघतो. म्हणूनच पुढे म्वारेन ही जादू जाणणारी बाई रँड, मॅट आणि पेरिन या तीन खेडवळ पोरांच्या मागावर येते तेव्हा यातला निवडलेला कोण, यापेक्षा ज्याची निवड होईल त्याचं काय होणार याचीच धाकधूक लागते.

आणि ती गावावरच्या हल्ल्याची रात्र! जखमी बापाला घेऊन रँड अंधारातून गावाकडे निघतो. गाडीच्या दांड्या आणि घोंगड्या यांची कशीबशी ओढण तयार केलेली. रस्त्यानं जावं तर हल्ला करणारे राक्षसी ट्रॉलॉक गाठतील, म्हणून झाडीतून वाट काढत ओढायची. बाप तापात बरळतोय, आणि त्या बरळण्यात रँडच्या जन्माबद्दल असं काही निघतं की ते ऐकू आलंच नसतं तर बरं, असं त्याला होतं. एवढ्या मोठ्या कादंबरीत मला सगळ्यांत जवळचं वाटलेलं पान हेच. जगाचं भवितव्य वगैरे अजून कुठेच नाही, नुसता थकलेला मुलगा आणि त्याचा बाप.

मधला प्रवासही असाच धरून ठेवतो. रँड आणि मॅट खाणावळींत बासरी वाजवून, चेंडूंचे खेळ करून जेवण मिळवतात, गोठ्यात नाहीतर कुंपणाखाली झोपतात, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक भल्या माणसावर संशय घेतात. इथे काळ जरा पुढेमागे उड्या मारतो, आधी पुढचा प्रसंग आणि मग मागची हकिगत. तिथे मला पानं उलटून पुन्हा बघावं लागलं. पण भीती खरी वाटली. गावात औषधपाणी करणारी नायनीव्ह तर फारच आवडली. गावातली पोरं कुणी परकी बाई घेऊन गेली म्हटल्यावर ही एकटी माग काढत पोचते, आणि म्वारेनच्या सोबतच्या लॅनसारख्या कसलेल्या लढवय्यालाही तिचं कौतुक वाटतं.

अडचण शेवटाची आहे. कादंबरीला ज्याचं नाव दिलंय त्या जागेचा उल्लेख मधे ओझरता येतो. तिकडे जायचं हे मात्र कॅमलिन शहरातल्या खाणावळीत, तिघाचौघांच्या बोलण्यातले धागे जुळल्यावर एकदम ठरतं. त्यानंतर सगळं धावतं. जी गोष्ट पायी चालत आली ती शेवटच्या काही प्रकरणांत उडायलाच लागते. रँड एका क्षणी इथे, दुसऱ्या क्षणी थेट रणांगणावर, आणि हे त्याला कसं जमलं ते ना त्याला कळत ना आपल्याला. भव्य आहे, पण त्या ओढणीच्या रात्रीइतकं आतवर पोचत नाही.

म्हणून विचारते: पुढची मालिका कोणत्या वळणानं जाते? त्या रात्रीच्या की त्या शेवटाच्या? बायका आणि पुरुष सतत एकमेकांना 'ह्यांना काही कळतच नाही' म्हणत राहतात ते कमी होतं का? आणि पूर्वकथा आधी वाचावी का?

प्रतिसाद

मी पूर्ण मालिका वाचली आहे, काहीही न फोडता सांगतो. तुम्हाला शेवट तुटक वाटला यात नवल नाही, बऱ्याच वाचकांची हीच तक्रार असते. दुसरा भाग, 'द ग्रेट हंट', त्याच वर्षी, म्हणजे १९९० मध्येच आला. त्याचा शेवट मला कितीतरी जास्त कमावलेला वाटतो, कारण तिथवर नेणारी वाट आधीपासून दिसत असते. निर्णय त्यानंतर घ्या, आत्ता नको.

पहिला भाग बराचसा रँडच्या नजरेतून आहे, पुढे तसं राहत नाही. तिसऱ्या भागात तर तो फार थोडा वेळ समोर असतो. नायनीव्ह आवडली असेल तर ही तुमच्यासाठी चांगलीच बातमी आहे. बायका-पुरुषांची कुरबुर कमी होत नाही, उलट वाढते. त्याचा त्रास होत असेल तर पुढेही होणार.

मधले काही भाग फार रेंगाळतात, विशेषतः दहावा, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'. जॉर्डन २००७ मध्ये गेले. शेवटचे ३ भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले, आणि शेवटचा २०१३ मध्ये आला. म्हणजे गोष्ट अर्धवट राहिलेली नाही.

पूर्वकथा 'न्यू स्प्रिंग' आधी वाचू नका. ती दहाव्या भागानंतर, २००४ मध्ये आली, तिथेच वाचा. म्वारेन आणि लॅन यांना आधी नीट ओळखलं असेल तरच ती रंगते.

धागाकर्ती

आभार! मग 'द ग्रेट हंट' घेतेच. एकच शंका राहिली: मॅट पहिल्या भागात मला फार चिडचिडा वाटला, त्याच्याजवळच्या शापित खंजिराचा परिणाम आहे हे कळूनही. तो पुढे सुधारतो का, एवढं 'हो' किंवा 'नाही'मध्ये सांगाल?

प्रतिसाद

हो. तिसऱ्या भागापर्यंत थांबा.